फक्त वाचण्यापुरती डिस्क

"काय दाबलंस?" हा माझा आवडता प्रश्न आहे. नांदेडला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी लॅब असिस्टंट आहे, आणि तक्रार घेऊन समोर उभं राहणाऱ्या प्रत्येकाला मी सगळ्यात आधी हेच विचारते. प्रिंटर अडला, काय दाबलंस? स्क्रीन काळी झाली, काय दाबलंस? बहुतेक वेळा समोरच्यानं खरोखरच काहीतरी दाबलेलं असतं, त्यामुळे वर्षागणिक माझा या प्रश्नावरचा विश्वास वाढतच गेला. आमच्या घरात तर नवरा मिक्सरमधून आवाज आला तरी लांबूनच ओरडून सांगतो की त्यानं काही दाबलेलं नाही.

त्यामुळे लातूरहून आईचा फोन आला की डिस्कवर काही जाईना, लाल अक्षरं येतायत, तेव्हा माझ्या तोंडून दुसरं काय निघणार?

"काय दाबलंस?"

"तू सांगितलीस तेच दाबले की बाई."

"तेच दाबलं असतंस तर गेलं असतं."

हे बोलणं पुढं तीन आठवडे, एक दिवसाआड, जवळपास याच शब्दांत चाललं.

आई लातूरला एकटी राहते. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. नांदेडला ये म्हटलं की ती म्हणते, "आन् मशिनी कुठं ठेवू, तुझ्या गॅलरीत?" तिच्या पुढच्या खोलीत चार शिलाई मशिनी आहेत आणि ती शिवणाचा क्लास घेते. गल्लीतल्या बायका येतात, निलंग्याकडून एसटीनं दोघी-तिघी येतात. आईचा हात कटोरी ब्लाऊजवर. टेपवर तिचा फारसा भरवसा नाही. गिऱ्हाईक आलं की ती आधी मापाचं ब्लाऊज मागते, म्हणजे अंगाला नीट बसणारं एखादं जुनं, ते उलटं करून शिवणीतून बोट फिरवते आणि बाईला बघितल्यासारखं सगळं ओळखते. खांदा उतरता आहे, डावी बाजू थोडी भरलेली आहे, आधीच्या शिंपिणीनं आत माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, कमी सोडली आहे. मग खडूनं चार खुणा, आणि कात्री एकदा कापडात शिरली की कटोरीचा गोल पूर्ण होईपर्यंत थांबायची नाही.

गेल्या हिवाळ्यात तिचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या बशीत कळलं, मग सुई ओवताना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की हे हळूहळू वाढत जाईल, किती हळू ते सांगता येत नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी रडायच्या बेतात होते. आई मात्र हिशेब लावत होती. म्हणाली, "मग हात चालायलाय तोवर सगळं कापून ठेवते."

कापून ठेवते म्हणजे मोबाईलवर शूट करून ठेवते. तिला येतं ते सगळं, एकेक कटिंग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिनं यादी केली. साधं ब्लाऊज, टक्सचं, कटोरी, प्रिन्सेस, परकर, लहान मुलींचं परकर-पोलकं, नऊवारीवरचं चोळीसारखं ब्लाऊज, असं करत करत चाळीस. कॅमेरा वरून खाली बघणारा पाहिजे म्हणून शेजारच्या आपांनी जुगाड केलं. कटिंगच्या टेबलावर एक स्टूल, स्टुलाच्या फळीच्या भोकातून मोबाईलचा कॅमेरा खाली, आणि मोबाईल हलू नये म्हणून वरून परकराची नाडी. आपांचं घर पिढ्यान्‌पिढ्या आमच्या शेजारी आहे आणि त्या पिको-फॉलचं काम करतात. आईचं अर्धं आयुष्य त्यांच्याशी धाग्याच्या रंगावरून भांडण्यात गेलं आहे.

जूनपर्यंत नऊ कटिंग झाली आणि फोन भरला. मी नांदेडहून मोठ्या अधिकारवाणीनं सांगितलं, "त्यात काय, डिस्कवर टाक."

ही डिस्क माझीच कर्तबगारी. दोन दिवाळ्यांपूर्वी माझा जुना लॅपटॉप मेला, त्यातली हार्ड डिस्क जिवंत होती. ती एका डब्यात घालून मी आईच्या वायफायच्या राउटरला मागून लावली. राउटरसोबत आलेलं सॉफ्टवेअर मला पटलं नाही, म्हणून ते काढून दुसरं घातलं, काळ्या पडद्यावर हातानं आज्ञा लिहून चालवायचं. त्याची गरज होती का? नव्हती. पण लॅब असिस्टंटच्या आईकडं साधा राउटर असून चालेल का! त्या डिस्कवर घरातले सगळे फोटो, बाबांचे फोटो, नातेवाइकांची लग्नं आणि क्लासमध्ये लावायची जुनी गाणी. घरातल्या टीव्हीवर, आईच्या फोनवर, सगळीकडं दिसायची. आई तिला डबा म्हणते. "डब्यातली गाणी लाव व," असं निलंग्याच्या पोरींना सांगते आणि त्यांना ते कळतं.

तर डब्यात गाणी होती, फोटो होते, आणि आईचं शिवण काही केल्या जात नव्हतं. फोनवर लाल अक्षरं यायची. इंग्रजीत होती. तिनं त्यांचा फोटो पाठवला तो इतका हललेला की एक अक्षर लागेना. त्यावरूनही मी बोलले. म्हटलं, फोटो तरी धड काढ. हे आत्ता लिहितानाही मला लाज वाटते, पण बोलले होते, तेव्हा लिहिते.

तिसऱ्या आठवड्यात आई म्हणाली, "राहू दे आता."

त्यानं मात्र मी चपापले. आई राहू दे म्हणणाऱ्यातली बाई नाही. गळ्याला एक चुणी पडली तर ती चारदा उसवते. दुसऱ्या शनिवारी मी लॅपटॉप पाठीला लावला आणि सकाळच्या एसटीत बसले. लोहा येईपर्यंत माझं निदान झालं होतं, अहमदपूरला मी स्वतःला शाबासकी दिली, आणि चाकूर मागं पडलं तेव्हा फक्त आईला कुठल्या शब्दांत समजवायचं तेवढं ठरायचं राहिलं होतं.

घरात शिरले तर क्लास सुटला होता. आपा त्यांचं पिकोचं मशीन आमच्याच पुढच्या खोलीत घेऊन बसल्या होत्या, कारण त्यांच्याकडं पाहुणे आले होते आणि पाहुण्यांना आवाज सहन होत नव्हता. भिंतीवर कॅलेंडरची यादी. नऊ बरोबरच्या खुणा, आणि खाली कोरं. स्टूल कोपऱ्यात, नाडी तशीच बांधलेली.

"तीन आठवड्यांत एकपण केलं नाहीस?"

"कुठं ठेवू करून? फोन म्हणतंय जागा न्हाई."

"दाखव मला. तू कसं टाकतीस ते दाखव."

आईनं फोन हातात घेतला. मग डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, बोट स्क्रीनवर नेलं आणि श्वास रोखून बटण दाबलं. लाल अक्षरं आली.

"अगं सरळ दाब की. मनगट कशाला धरतीस?"

तिनं फोन माझ्यापुढं केला. मी अक्षरं वाचली. परवानगी नाही, एवढंच म्हणत होती ती. परवानगी नाही म्हणजे डिस्कवर लिहायची मनाई. वाचा खुशाल, लिहू नका. वाचनालयात संदर्भाचं पुस्तक देतात तसं, इथंच बसून वाचा, पेन्सिल लावू नका.

आता थोडं यंत्राचं सांगते, फार नाही. राउटरला डिस्क जोडली म्हणजे ती लगेच वापरता येते असं नाही. राउटरनं ती उघडून आपल्या घरात बसवून घ्यावी लागते. याला माउंट करणं म्हणतात. बसवतानाच अटी ठरतात, नुसती वाचायची की लिहायचीसुद्धा, कुणी लिहायचं, किती मोकळीक. यातलं काहीही बिनसलं तर डिस्क दिसते, उघडते, फक्त लिहून घेत नाही. आणि डिस्क वारंवार झटक्यानं बंद झाली, तर राउटर सावध होऊन तिला मुद्दाम वाचण्यापुरतीच बसवू शकतो. माझं लोह्यापर्यंतचं निदान हेच होतं.

लॅपटॉप लावला, राउटरची नोंदवही उघडली. राउटर आपल्याला काय काय झालं ते सगळं लिहून ठेवत असतो. बघते तर ओळीमागून ओळ तीच. डिस्क नीट बंद केली गेली नव्हती. डिस्क नीट बंद केली गेली नव्हती. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

"आई, तू याचं बटन बंद करतीस?"

"हाव. रोज करते. बाहेर जाताना सगळीच बटनं बंद करते मी."

हे मला आधीच आठवायला पाहिजे होतं. आमच्या लहानपणी एकदा इस्त्री चालू राहिली आणि एका गिऱ्हाइकाचा शालू जळला. तेव्हापासून आई घराबाहेर पडताना इस्त्रीचं बटण बंद करते, पिन ओढते, परत येऊन हात लावून बघते, आणि मग एकट्या इस्त्रीवर तिचं समाधान होत नाही म्हणून घरातल्या सगळ्या बोर्डांवरून हात फिरवते. आभाळ गडगडलं की पुन्हा एक फेरी. गल्लीत एकाचा टीव्ही विजेनं गेला त्याला किती वर्षं झाली, पण आमच्याकडं ढग दिसला की सगळं काळोखात.

मी व्याख्यान दिलं. डिस्क आत गरगर फिरत असते, तिला एकदम बंद करायचं नसतं, तिला धक्का बसतो, मग ती घाबरून लिहूनच घेत नाही, वगैरे. आई ऐकत होती. निलंग्याच्या पोरी तिच्यासमोर जशा उभ्या राहतात तशी माझ्यासमोर उभी होती. व्याख्यान झाल्यावर मी कागदावर 'हात लावू नये' असं मोठ्या अक्षरांत लिहून राउटरच्या बटणावर चिकटवलं. तिच्याच घरात, तिच्याच बोर्डावर.

"बरं," आई म्हणाली. "न्हाई लावत."

डिस्क काढून लॅपटॉपला लावली, पूर्ण तपासून घेतली. त्यात दोन तास गेले. आईनं तोवर माझ्यासाठी धपाटे केले. पीठ मळताना तिचा हात थरथरत नाही असं माझ्या लक्षात आलं, तव्यावर टाकताना थरथरतो. डिस्क निर्दोष निघाली. परत राउटरला लावली. आईनं मनगट धरून बटण दाबलं.

लाल.

आपांच्या पिकोच्या मशीनचा आवाज थांबला. "नै गया?"

"जाईल, आपा. केबल खराब असंल."

केबल बदलली. लाल. डिस्कला राउटरमधून पुरेशी वीज मिळत नसंल म्हणून आपांच्या घरून मोबाईलचा चार्जर आणून जोड दिला. लाल. मग परवानग्यांच्या मागं लागले. डिस्कचा मालक कोण, कुणाला किती मोकळीक, हे आकडे बदलून बघितले, सगळ्यांना सगळं मोकळं केलं, अगदी चोरानं येऊन लिहावं इतकं मोकळं केलं. लाल. माझी चिडचिड चढत चालली होती आणि ती कुणावर काढायची ते कळत नव्हतं, कारण आई तर बटणाला हातसुद्धा लावत नव्हती.

"आमचं कसं माहिताय का बेटा," आपा म्हणाल्या. धागा दातानं तोडला आणि चष्मा वर केला. "धागा सारका तुटायला लागला ना, तर पैले मशीनकू गाली नै देते. पैले पूछते, ओवला कुणी? किसने ओव्या उसीकू बिठाते, फिरसे ओवने लगाते. ये डब्बा किसने बसाया था?"

"मीच."

"मग तुमीच बघो ना तुमारा ओवला हुआ."

मी हसण्यावारी नेलं. आपांना यातलं काय कळणार, असं माझ्या मनात आलं, आणि तेही मी लपवणार नाही.

शेवटी मी थेट आज्ञा दिली. काळ्या पडद्यावर लिहिलं की ही डिस्क आत्ताच्या आत्ता, आहे तशी, लिहिण्यासाठी मोकळी कर. आणि झालं! एक छोटी फाइल टाकून बघितली, गेली. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. "आई, ये, तुझं कटिंग टाक."

आई पदराला हात पुसत येईपर्यंत लाईट गेली. पाचच मिनिटं गेली असेल. आली, राउटर चालू झाला, त्याचे सगळे दिवे लागले. आईनं मनगट धरलं, बोट नेलं.

लाल.

"मी न्हाई काही केले," आई घाईनं म्हणाली. "तुझ्या कागदाला हात न्हाई लावला मी."

तिचं ते घाईचं बोलणं माझ्या फार जिव्हारी लागलं. त्रेसष्ट वर्षांची बाई, जिच्या हाताखालून निम्म्या गल्लीची लग्नाची ब्लाऊजं गेली, ती माझ्यासमोर सफाई देत होती. मी म्हटलं, "नाही गं, तू काही नाही केलंस," आणि पहिल्यांदाच शांतपणे विचार करायला बसले.

आज्ञा दिली तेव्हा डिस्कनं लिहून घेतलं. म्हणजे डिस्क चांगली, केबल चांगली, वीज पुरेशी. राउटर नव्यानं चालू झाला आणि मनाई परत आली. म्हणजे दर वेळी चालू होताना राउटरला कुणीतरी सांगतंय की ही डिस्क फक्त वाचण्यापुरती बसव. चालू होताना राउटर एकच कागद वाचतो, अटींची फाइल. कुठली डिस्क, कुठं बसवायची, कुठल्या अटींवर, सगळं त्यात लिहिलेलं असतं. आणि ती फाइल आपोआप होत नाही. ती कुणीतरी लिहावी लागते.

मी फाइल उघडली. चार ओळींची होती. डिस्कच्या ओळीत, अटींच्या जागी, सगळ्यात पहिली दोन अक्षरं, आर आणि ओ. फक्त वाचा.

"आरओ?" आई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "ते तर पाण्याचं असतंय."

मी हसले नाही, कारण माझी नजर त्याच्या वरच्या ओळीवर गेली होती. अशा फायलीत ओळीच्या सुरुवातीला जाळीसारखी खूण टाकली की राउटर ती ओळ सोडून देतो. ती माणसासाठी असते, आपण हे का केलं ते पुढं आपल्यालाच आठवावं म्हणून. लॅबमध्ये मी घसा कोरडा करून सांगत असते, टीप लिहा, का केलं ते लिहा, नाहीतर विसराल. मी टीप लिहिली होती, आणि तरीही विसरले होते. मराठीतच लिहिली होती, इंग्रजी अक्षरांत, नातेवाईक मोबाईलवर निरोप पाठवतात तशी. मी फाइल बंद करायला हात उचलला, पण आईला तसे निरोप वाचायची सवय आहे.

"आई," तिनं बोट लावून वाचलं. "आई... काही... पुसेल... म्हणून."

आपांनी मशीनवरचा पाय काढला.

दोन दिवाळ्यांपूर्वीची ती दुपार मला लख्ख आठवली. त्याआधी एकदा आईनं फोनमधले बाबांचे काही फोटो पुसले होते. एकसारखे दोन-दोन दिसत होते म्हणून एक ठेवून एक काढायला गेली आणि दोन्ही गेले. माझ्याकडं प्रती होत्या, नुकसान काही झालं नव्हतं. पण डिस्क बसवताना मी विचार केला की हिच्या हाती लिहायची मोकळीक नकोच. ती चहा टाकायला आत गेली तेवढ्यात मी ती दोन अक्षरं लिहिली, त्यावर टीप लिहिली, आणि तिला काही बोलले नाही. पुढं फोटो, गाणी, जे काही टाकलं ते मीच टाकलं, येताना माझ्या लॅपटॉपवरून, डिस्क काढून. आईनं कधी काही लिहायचा प्रश्नच आला नाही. या जूनपर्यंत.

"हे तू लिहिलीस?"

"हाव."

"म्हणजे ते लाल..."

"ते तुझ्यामुळं येत नव्हतं. कुणीही दाबलं असतं तरी आलं असतं. मी दाबलं असतं तरी."

आई स्टुलावर बसली. कोपऱ्यातल्या, नाडी बांधलेल्या त्याच स्टुलावर. उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडं बघत राहिली.

"मला वाटलं हातामुळं व्हायलंय," ती म्हणाली. "बोट थरथरतंय तर बटन दोनदा लागत असंल. म्हणून धरून दाबायले. तरी लाल यायलंय म्हटल्यावर म्हटलं, गेला आता हात. कात्रीचा जायलाच लागलाय, बटनाचा तर गेलाच."

वर्षानुवर्षं लोकांना एकच प्रश्न विचारून जो अधिकार कमावला होता, त्याचं काय करावं ते मला समजेना. तीन आठवडे ती रोज मनगट धरून त्या बटणाशी झगडत होती आणि मी नांदेडला बसून तिला दाबायला शिकवत होते.

"आन् तुझ्या बाबांचे फोटो मी पुसीन, असं वाटलं तुला?"

"एकदा पुसले होतेस ना."

"एकदा," आई म्हणाली.

"चुकलं माझं, आई."

तिनं हात मांडीवरून उचलला. मग एकदम उठली आणि क्लासमधल्या आवाजात म्हणाली, "चुकलं तर उसव की मग. बघत काय बसलीस?"

मी उसवलं. ओ च्या जागी डब्ल्यू लिहिला, म्हणजे वाचा आणि लिहा. वरची टीप पुसली. फाइल जपून ठेवली, राउटर नीट बंद केला आणि बोर्डावरचा माझा कागद ओढून काढला. चिकटपट्टीसोबत थोडा रंगही निघाला, तो डाग अजून तिथं आहे. बटण चालू करायला आईलाच सांगितलं. मागाहून डिस्क सांभाळून बंद करायचं एक वेगळं बटण मी तिच्या फोनवर बसवून दिलं. आता बाहेर पडताना ती आधी ते दाबते, मग बोर्डाचं, मग परत येऊन दोन्हींना हात लावून बघते.

फोनमधली नऊ कटिंग डिस्कवर टाकायच्या आधी आईला एक नवं करायचं होतं. म्हणाली, "जुनी मी केलेलीच हायत, ती जातील. आधी कटोरी घेऊ, लई दिवस राहिलीय." फोनमध्ये तेवढी जागा व्हावी म्हणून मी काही फालतू निरोप पुसले, तिला विचारून. आपांनी स्टूल टेबलावर चढवलं, मोबाईल अडकवला, नाडी आवळली. आईनं गुलाबी कापड अंथरलं, मापाचं ब्लाऊज उलटं केलं, खडूनं गोल काढला. खडूचा गोल थोडा दातेरी आला. तिनं तो बोटानं पुसून पुन्हा काढला.

मग कात्री. सरळ रेघ छान गेली. गोल सुरू झाला, आणि निम्म्यावर कात्री थांबली. कटोरीचा गोल मध्ये थांबून परत धरला की तिथं टोक येतं, आणि ते टोक शिवल्यावर अंगावर दिसतं. जन्मभर ती पोरींना हेच सांगत आलेली. तीन आठवड्यांपूर्वी हा गोल तिला एका दमात जमला असता का? कदाचित. डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. पण ते तीन आठवडे मी घालवले, आणि कापायला घेतलेली कटोरी तिच्या हातात अर्ध्यावर थांबली होती, हे मला समोर दिसत होतं. मला हुंदका आला. आपांनी माझ्याकडं डोळे वटारून बघितलं, आवाज शूटिंगमध्ये येईल म्हणून.

आईनं कात्री बाजूला ठेवली नाही. कॅमेऱ्याकडं, म्हणजे वर स्टुलाकडं, बघून सावकाश बोलायला लागली. "इथं माझी कात्री थांबली बघा. तुमची थांबू देऊ नका. थांबली तर असं टोक येतंय." मग डाव्या हातानं ते टोक उचलून दाखवलं. "आता हे कसं मोडायचं ते सांगते." आणि चिमूटभर कापड उतरवून, अगदी बारीक बारीक कापत, तिनं ते टोक गोलात मिसळवलं. हे तिच्या यादीत नव्हतं. चाळिसातल्या कुठल्याच कटिंगमध्ये हे नव्हतं, कारण आजवर तिची कात्री थांबलीच नव्हती.

शूटिंग झालं. मी मोबाईल सोडवला आणि डिस्कवर पाठवायच्या बटणापर्यंत नेऊन तिच्यासमोर धरला. आपा मशीनवरून उठून आल्या. आईचा डावा हात सवयीनं मनगटाकडं गेला, वाटेत थांबला, आणि तिनं तो मागं घेतला. उजवं बोट एकटंच पुढं आलं. स्क्रीनवर टेकताना दोन-तीनदा थरथरलं.

हिरवी पट्टी हळूहळू सरकायला लागली. आम्ही तिघी बघत राहिलो. शेवटाला पोचली आणि नाहीशी झाली.

"गेलं?"

"गेलं, आई."

तिनं हात डोळ्यांसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला, मापाचं ब्लाऊज बघते तसा.

"मग माझ्या हातानं जातंय की," ती म्हणाली.